खानदेशचा कापूस आणि भांडवलाची सत्ता

तापी, गिरणा, पांझरा, वाघूर या नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनींत कापूस पिकत आला त्याला शतकें लोटलीं आहेत. जुन्या काळीं या कापसाचें सूत गांवांतच निघे, तें गांवांतच विणलें जाई आणि उरलासुरला कापूस लमाणांच्या बैलांवर लादून परमुलखाकडे रवाना होई. त्या काळीं शेतकरी सुखी होता असें मानण्याचें कारण नाहीं. अवर्षण, पेंढाऱ्यांच्या धाडी, इजारदारांची वसुली यांनीं खानदेश पेशवाईच्या अखेरीस इतका गांजला होता कीं, अनेक गांवें ओसाड पडलीं होतीं. परंतु त्या दुःखांचीं कारणें शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर होतीं. पाऊस पडला नाहीं हें त्याला दिसे. धाड आली तर ती कोणाची हेंहि त्याला कळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जी नवी अर्थव्यवस्था या मुलखांत शिरली, तिचा विशेष हा कीं, तिच्यांत पीक उत्तम येऊनहि शेतकरी बुडूं लागला आणि आपल्याला कोणीं बुडविलें हें त्याला सांगतां येईना.

हा बदल कसा घडला हें पाहावयाचें तर जमिनीच्या मोजणीपासून आरंभ केला पाहिजे. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें आपलें मुख्य ठिकाण केलें. पुढें मुंबई इलाख्यांत रयतवारीची नवी मोजणी सुरू झाली. १८५२ सालीं ती खानदेशांत येतांच सावदा, रावेर, चोपडा या भागांतील लोकांनीं तिला कडवा विरोध केला व सरकारला फौज पाठवावी लागली. सरकारी कागदांत या विरोधाची नोंद दंगा म्हणून झाली. परंतु मोजणीनें आपल्या जगण्यांत कांहीं मूलगामी फरक होणार, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें असेंच म्हणावें लागतें. सारा ठरला तो रोख रकमेचा आणि ठराविक हप्त्यांचा. जमीन खातेदाराच्या नांवें लागली, तिची खरेदी-विक्री मोकळी झाली आणि ती गहाण टाकण्याजोगी वस्तु बनली. शेतकऱ्याला मालकी मिळाली आणि त्याच दिवशीं ती गमावण्याची वाटहि मोकळी झाली.

यानंतर नऊ वर्षांनीं, १८६१ च्या एप्रिलांत, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस तोंपर्यंत अमेरिकेंतून, म्हणजे तेथील गुलामांच्या श्रमांतून, येत असे. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखतांच हा ओघ आटला. १८६० सालीं लिव्हरपूलच्या बाजारांत अमेरिकन कापसाचा भाव पौंडामागें सुमारें ७ पेन्स होता. १८६४ मध्यें तो ३० पेन्सांच्या घरांत गेला. लँकेशायरमध्यें गिरण्या बंद पडून लाखों लोक मदतीच्या अन्नावर जगूं लागले. त्या कापसाच्या दुष्काळाची दुसरी बाजू म्हणजे मुंबई इलाख्यांतील सुकाळ. ज्या आखूड धाग्याच्या देशी कापसाकडे लँकेशायर नाक मुरडीत असे, त्यावर आतां व्यापाऱ्यांच्या उड्या पडूं लागल्या. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या आग्रहानें सरकारनेंहि इकडे लक्ष घातलें. कापसांत सरकी, माती मिसळणें किंवा तो ओला करणें यास शिक्षा ठरविणारा कायदा मुंबईंत १८६३ सालीं झाला, आणि वर्ध्याकडील हिंगणघाटी कापसाचें बीं खानदेशांत लावण्याचे प्रयत्न सुरू झाले.

याच सुमारास लोहमार्ग आला. १८६५ च्या जानेवारींत थळघाटांतील मार्ग खुला झाला आणि १८६७ मध्यें गाडी थेट नागपुरास पोंचली. या मार्गानें खानदेशचा नकाशाच बदलून टाकला. आग्रा रोडवरील धुळें बाजूला पडलें. तेथें चाळीसगांवाहून फांटा येण्यास १९०० साल उजाडावें लागलें. उलट जळगांव रुळांवर आल्यामुळें कापसाची मोठी पेठ बनलें. तेथें १८६४ सालीं नगरपालिका स्थापन झाली, वाफेचे दाब उभे राहिले, मुंबईच्या पेढ्यांच्या अडती बसल्या. १९०६ सालीं जुन्या खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हां पूर्व खानदेशचें मुख्य ठिकाण होण्याचा मान जळगांवास मिळाला. एका दूरच्या युद्धानें आणि एका लोखंडी रुळानें एक शहर घडविलें व दुसऱ्यास मागें टाकलें, आणि या दोन्ही शहरांतील कोणासहि त्याबाबत विचारलें गेलें नाहीं.

तेजीच्या चार वर्षांत शेतकऱ्याच्या हातांतहि पैसा खेळला हें खरें. वऱ्हाड-मध्यप्रांताकडे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी त्या काळीं सांगितल्या जात. परंतु त्या धनाचा मोठा ओघ मुंबईस अडला. पांच वर्षांत कापसापोटीं मुंबईच्या पदरीं नेहमीपेक्षां सुमारें आठ कोटी पौंड अधिक पडले असा अंदाज त्यावेळीं करण्यांत आला होता. त्या पैशाला काय करावें हें सुचेना. बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, ‘बॅक बे’चे शेअर मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले गेले. प्रेमचंद रायचंद हे नांव जादूगाराच्या नांवासारखें लोकांच्या तोंडीं झालें. ९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति ली यानें शस्त्र खालीं ठेवलें, आणि तें वृत्त येतांच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस मुंबईनें पाहिला तो दिवाळखोरीचा दिवस म्हणून. मातबर पेढ्या बसल्या, आणि पुढें खुद्द मुंबई बँकहि बुडाली.

मुंबईच्या या दिवाळ्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. खानदेशच्या खेड्यांत काय झालें तें मात्र अशा थाटाचें नसल्यामुळें फारसें कोणीं लिहिलें नाहीं. तेजीच्या भरवशावर शेतकऱ्यानें बैल घेतले, विहिरी खणल्या, लग्नें केलीं आणि जास्त जमीन कापसाखालीं घातली. सावकारानेंहि त्या भावाकडे पाहूनच उधार दिलें होतें. भाव उतरला, पण कर्जाचा आंकडा उतरला नाहीं. साऱ्याचा हप्ताहि उतरला नाहीं. पीक निघालें कीं तें तत्काळ विकण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. कित्येकदां तर बोंडें फुटण्यापूर्वींच उभ्या पिकाचा सौदा होऊन जाई.

येथें या व्यवस्थेचें मर्म हातीं लागतें. पुस्तकांत बाजाराचें वर्णन असें असतें कीं, विकणारा आणि घेणारा हे दोघे स्वतंत्र पुरुष समोरासमोर येतात व खुशीनें भाव ठरवितात. जळगांवच्या पेठेंत गाडी सोडून बसलेला शेतकरी कायद्यानें स्वतंत्र होताच. पण त्याला आज विकणें भाग होतें, आणि घेणाऱ्याला आजच घेणें भाग नव्हतें. एकाला थांबतां येत होतें, दुसऱ्याला नव्हतें. भांडवल म्हणजे नुसता पैसा नव्हे. भांडवल म्हणजे थांबण्याची शक्ति. ज्याच्यापाशीं ती आहे तो मंदींत घेतो व तेजींत विकतो. ज्याच्यापाशीं ती नाहीं त्याच्या वांट्यास नेमका उलटा व्यवहार येतो. यांत कोणाची लबाडी असलीच पाहिजे असें नाहीं. सगळे प्रामाणिक असले तरी हा परिणाम घडतोच, आणि म्हणूनच तो अधिक विचार करण्याजोगा आहे.

कायद्यानेंहि थांबूं न शकणाऱ्याच्या विरुद्धच पारडें झुकविलें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु असा कीं, जुनीं कर्जें उकरून ऋणकोस छळलें जाऊं नये. प्रत्यक्षांत दर तीन वर्षांनीं सावकार नवें खत लिहून घेऊं लागला. मागील व्याज मुद्दलांत जमा होऊं लागलें आणि व्याजावर व्याज चढूं लागलें. अंगठा उठविणाऱ्याला खतांत काय लिहिलें आहे तें वाचतां येत नव्हतें. न्यायाधीशाला मात्र त्या खतापलीकडे पाहतां येत नव्हतें.

तरीहि सारा दोष खेड्यांतील सावकारावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. तो एका लांब साखळीची शेवटची कडी होता. त्याच्यावर जळगांवचा अडत्या, त्याच्यावर मुंबईची पेढी, तिच्यावर रॅली किंवा फोलकार्ट यांसारखी परदेशी कोठी, आणि सर्वांवर लिव्हरपूल. १८६९ सालीं सुवेझचा कालवा झाला व १८७० सालीं समुद्रांतून तार आली. त्यानंतर लिव्हरपूलचा भाव दिवसाच्या आंत मुंबईस कळूं लागला. ही बातमी साखळींत जो जितका वर तितकी त्याला लवकर मिळे. शेतकऱ्यापर्यंत ती पोंचे तेव्हां त्याची गाडी विकून झालेली असे. अशा रीतीनें नफा वरच्या अंगाला आणि धोका खालच्या अंगाला सरकत गेला.

या अवस्थेचा विचार महाराष्ट्रांत कोणींच केला नाहीं असें नाहीं. मुंबईच्या दिवाळ्यानंतर दोनच वर्षांनीं, १८६७ सालीं, विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून जमीन व धान्य सर्वांचें सामाईक असावें अशी कल्पना मांडली. त्याच वर्षीं जर्मनींत कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला. दोघांस एकमेकांची वार्ता असण्याचा संभव दिसत नाहीं. १८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सरकारी नोकर, कोर्ट व सावकार यांच्या कात्रींत सांपडलेल्या कुणब्याचें चित्र उभें केलें. १८९२ सालीं न्यायमूर्ति रानडे यांनीं डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत, इंग्लंडच्या अनुभवावरून बांधलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त हिंदुस्थानास जसेच्या तसे लागू पडत नाहींत, असें बजावलें. या तिघांच्या भूमिका अगदीं भिन्न. पण खुल्या बाजाराला नैसर्गिक नियमाचा मान देण्यास तिघांनींहि नकार दिला.

सरकारला जाग आणली ती मात्र ग्रंथांनीं नव्हे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, आणि हा वणवा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. चौकशी झाली व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. न्यायाधीशाला खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार पाहण्याचा अधिकार मिळाला, हें त्याचें खरें महत्त्व. पण पुष्कळ ठिकाणीं सावकारांनीं गहाणाऐवजीं एकदम खरेदीखतच लिहून घेण्यास आरंभ केला. कायद्यानें एक वाट बुजविली तों दुसरी निघाली, कारण शेतकऱ्याची पैशाची निकड जागच्या जागींच होती.

या निकडीचें सर्वांत उघडें रूप पश्चिम खानदेशांत दिसतें. शहादा, तळोदा, नंदुरबार या सुपीक पट्ट्यांतील भिल्लांना रोख सारा, खत आणि कोर्ट या तिन्ही गोष्टी परक्या होत्या. त्यांच्या पुष्कळशा जमिनी कर्जापोटीं दुसऱ्यांच्या नांवें चढल्या, आणि कालचा मालक आपल्याच शेतावर सालदार म्हणून राबूं लागला. सालदार वर्षाच्या आरंभीं उचल घेई व ती फेडीत वर्ष संपवी; वर्ष संपतां संपतां पुन्हां नवी उचल घ्यावी लागे. ज्याला एक दिवसहि थांबण्याची ऐपत नाहीं, त्याचा अख्खा संवत्सर दुसरा विकत घेतो, तें असें.

शेतांतून कापूस पेठेंत आला कीं तो जिनिंग कारखान्यांत जाई. आतां खानदेशांतील तालुक्यांतालुक्यांत धुराडीं उभीं राहूं लागलीं. या कारखान्यांचें काम चारदोन महिन्यांचें, आणि जिनावर बसणाऱ्या बहुतेक बायका. १८८५ च्या सुमारास मुंबई सरकारनें नेमलेल्या कारखाने-चौकशी समितीपुढें खानदेशांतील जी साक्ष झाली ती वाचून अंगावर कांटा येतो. मार्च-एप्रिलच्या हंगामांत जीन व दाब रात्रंदिवस चालत. तींच माणसें सतत आठ-आठ दिवस, क्षणभर विश्रांति घेऊन, राबत आणि थकून पडलीं म्हणजे दुसरीं आणलीं जात. १८८१ चा कारखान्यांचा कायदा यांच्या कामीं आला नाहीं, कारण वर्षांत चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यांतून वगळले होते.

कापडाच्या गिरण्या त्यानंतर वाढल्या. जळगांवची खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल ही १८७० नंतरच्या दशकांतली. अमळनेरास १९०६ सालीं श्रीमंत प्रताप शेट यांनीं प्रताप मिल काढली, आणि धुळ्यासहि त्यांच्याच नांवाची गिरणी उभी राहिली. प्रताप शेट यांचें चरित्र भांडवलशाहीच्या सरधोपट टीकाकाराला अडचणींत टाकणारें आहे. गिरणीच्या नफ्यांतून त्यांनीं शाळेला आधार दिला, १९१६ सालीं अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें. देशोदेशींच्या दर्शनांचा अभ्यास बोरीकाठच्या त्या लहानशा गांवांत सुरू झाला. हें औदार्य खरें होतें व त्याचें ऋण खानदेशानें मानलेंच पाहिजे. परंतु दान आणि हक्क यांत अंतर आहे. दान देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असतें. हक्क घेणाऱ्याच्या हातीं असतो. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत याच शेटजींच्या नांवाच्या शाळेंत शिक्षक होते. पुढें १९३८ सालीं त्यांनीं अमळनेराहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलें, गिरणी कामगारांची बाजू घेतली आणि अतिवृष्टीनें पिकें गेलीं तेव्हां साऱ्याच्या सुटीसाठीं पूर्व खानदेशांतील शेतकऱ्यांना संघटित केलें. मुलांना गोष्टी सांगणाऱ्या या कोमल मनाच्या पुरुषास मोर्चाच्या अग्रभागीं उभें राहावेसें वाटलें, यांतच प्रश्नाची तीव्रता दिसून येते.

दरम्यान बाजार सुधारण्याचा एक शांत प्रयत्न चालू होता. अडत, दलाली, हमाली, धर्मादाय, वजनांतील कडता अशा अनेक वजावटी शेतकऱ्याच्या पट्टींतून होत, आणि भाव तर रुमालाखालीं बोटें दाबून ठरे. ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. मध्यवर्ती कापूस समितीनें खानदेशांतील शेतकऱ्यांच्या कर्जाची व विक्रीची पाहणी करविली. १९२७ सालीं मुंबई इलाख्यासाठीं कापूस-बाजाराचा कायदा झाला, व त्याखालीं प्रथम निघालेल्या नियंत्रित बाजारांत धुळ्याचा बाजार होता. वजनें तपासलीं जाऊं लागलीं, वजावटी बांधल्या गेल्या. पण थोड्याच दिवसांत १९२९ ची जागतिक मंदी आली. कापसाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला आणि वजनाचा कांटा अगदीं सरळ असूनहि शेतकऱ्याचा संसार कलला. स्वच्छ बाजार ही मोठी गोष्ट आहे. परंतु स्वच्छ बाजारांतहि दुबळा तो दुबळाच राहतो, हें त्या मंदीनें शिकविलें.

या पार्श्वभूमीवर १९३६ च्या डिसेंबरांत फैजपूरची काँग्रेस भरली. खेड्यांत भरलेलें हें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, आणि बांबूंनीं सजविलेली नगरी नंदलाल बोस यांच्या कल्पनेंतली. त्याच वेळीं किसान सभेचेंहि अधिवेशन तेथें झालें आणि मनमाडहून सुमारें दोनशें मैल चालत शेतकऱ्यांची एक तुकडी आली. सारा व खंड कमी करावा, न परवडणाऱ्या लहान धारणांस त्यांतून सूट द्यावी, कर्जाच्या वसुलीस तहकुबी द्यावी, शेतकऱ्यांना संघटनेचा हक्क असावा, असा कार्यक्रम काँग्रेसनें मंजूर केला. चौऱ्यांशीं वर्षांपूर्वीं ज्या सावदा-रावेर पट्ट्यानें मोजणीदारांस अडविलें होतें, त्याच पट्ट्यांत हा ठराव झाला. त्यांतील कलमें नीट पाहिलीं तर प्रत्येकाचा आशय एकच आहे: ज्याला थांबतां येत नाहीं त्याला थांबण्याची सवड मिळवून द्यावी.

स्वातंत्र्यानंतरचे प्रयत्नहि याच सूत्रानें जोडलेले आहेत. १९७१-७२ मध्यें शहादा-तळोद्यांत अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखालीं भिल्ल सालदार आपल्या मजुरीसाठीं व गेलेल्या जमिनींसाठीं उठले. १९७४ सालीं आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रानें केला. १९७२ सालीं सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीनें सरकार स्वतःच ग्राहक बनलें. कांहीं वर्षें तिनें शेतकऱ्याला हमी दिली, पण पुढें ती तोट्यांत व दिरंगाईंत रुतली, आणि सुमारें तीस वर्षांनीं संपली. सवड मिळवून देणारी संस्थाच चुकारे द्यावयास वेळ लावूं लागली, तर तिचा उपयोग काय उरतो, याचें हें उदाहरण होय. इकडे खानदेशच्या जुन्या गिरण्यांचे भोंगेहि एकामागून एक थांबले.

याच अमळनेरास १९४५ च्या डिसेंबरांत वनस्पति तुपाची एक कंपनी निघाली: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. आज तीच विप्रो या नांवानें जगभर संगणकाचा व्यवसाय करते. अमळनेरांत ज्यांनीं तिचे शेअर घेतले व न विकतां सांभाळून ठेवले, तीं घराणीं श्रीमंत झालीं. हें त्यांचें भाग्य कोणीं हिरावून घ्यावें असें नाहीं. परंतु तेथेंहि दिसतें तें हेंच: फळ मिळालें तें थांबूं शकणाऱ्याला. त्याच गांवांत रोजंदारीवर जगणाऱ्याला शेअर विकत घेणेंहि अशक्य होतें, मग तो दशकानुदशकें जपून ठेवणें तर दूरच.

भांडवलानें खानदेशला कांहींच दिलें नाहीं असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. रुळ, पेठा, शाळा, छापखाने, शहरें हीं त्याचींच अपत्यें. दुष्काळांत बाहेरचें धान्य आलें तेंहि त्याच रुळांवरून. वाद आहे तो धोका कोणीं वाहावा याविषयीं. लिव्हरपूलचा भाव पडला म्हणून लिव्हरपूलच्या दलालाचें कांहीं नुकसान होई; एरंडोलच्या शेतकऱ्याची जमीन जाई. आजहि कापसाचा भाव परदेशी बाजारांकडे पाहूनच हलतो, आणि आजहि वेचणी संपतांच घरांत कापूस सांठवून ठेवण्याची ऐपत थोड्यांचीच असते. सहकारी पेढी, गुदाम, पीकविमा, हमीभाव, कामगारांची संघटना हीं सर्व साधनें याच एका कसोटीवर घासून पाहिलीं पाहिजेत: संकटाच्या दिवशीं तीं दुबळ्याला चार महिने थांबूं देतात कीं नाहीं? ज्या समाजांत हें उत्तर नकारार्थी येतें, तेथें करारावरची सही मोकळ्या हातानें झालेली असली तरी तिला स्वातंत्र्याची सही म्हणतां येत नाहीं.